हलक्या हाताच्या सरोजा मॅडम

सरोजा मॅडमच्या वर्गात सोनोग्राफीच्या यंत्राच्या आधी दही येई. घरी स्टीलच्या वाटीत लावलेलं, घट्ट, वर सायीचा पातळ थर असलेलं. त्यावर त्या पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा अंथरत, पापुद्र्यावर जेलचा गोळा ठेवत आणि संधिवात विभागात नव्याने आलेल्या डॉक्टरच्या हातात प्रोब, म्हणजे यंत्राचा कातडीवर टेकवायचा दांडा, देत. प्रोब जेलवर टेकवायचा आणि त्या ‘पुरे’ म्हणेपर्यंत तसाच धरायचा. हात जड पडला की दही मोडे आणि कडेने पाणी सुटे. मोडलेल्या दह्याचं ताक करून सगळ्यांना पाजायचं काम मोडणाऱ्याचं. मीठ, आलं आणि कढीपत्ता मॅडमच्या पिशवीतच असे. पहिल्या दिवशी दही न मोडणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता, असं त्या सांगत.

त्या खोलीत माझं काम मनगट असण्याचं होतं. जयनगरमध्ये मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असे. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी संध्याकाळी सुरू होई, त्यामुळे दुपारी मी मोकळा असे. हे त्यांनी हेरलं होतं. एकदा जिन्यात थांबवून त्यांनी माझा हात हातात घेतला, मनगट वाकवून पाहिलं आणि म्हणाल्या, “अण्णा, तुमचे सांधे चांगले आहेत. गुरुवारी दुपारी आम्हाला द्या.” आजारी सांधा ओळखायचा तर शेजारी निरोगी सांधा पाहिजे, एवढाच खुलासा. तेव्हापासून बंगळुरूतल्या त्या इस्पितळात दर गुरुवारी माझं डावं मनगट उशीवर पडलेलं असे आणि त्यावर जेल असे. मनगटाला कोणी बोलायला लावत नाही. त्यामुळे बघायला आणि ऐकायला वेळ मिळाला.

मॅडमचं घराणं बंगळुरूतलंच, शेकडो वर्षांपूर्वी इथं येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की वेगळं काढता येत नसे. “पुण्याला लग्नाला गेले होते,” त्या सांगत. “एक बाई म्हणाल्या, तुम्ही मराठी कुठं शिकलात हो? म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात. तुमच्यापेक्षा जुनी आहे की!” रुग्णांशी त्या कन्नडमध्ये बोलत, विद्यार्थ्यांशी इंग्रजीत. अनिकेत नावाचा नागपूरचा एक डॉक्टर विभागात शिकायला आला तेव्हा त्यांना रागवायला मराठी मिळाली. ती त्यांनी पुरेपूर वापरली.

अनिकेतने पहिल्या दिवशी प्रोब टेकवताच दही मोडलं.

“मॅडम, मी काही दाबून नाही राहिलो,” तो म्हणाला.

“मग दही आपोआप रडलं का?”

“प्रोबचंच वजन आहे ना, मॅडम.”

“प्रोबचं वजन कोणी उचलायचं? वाटीनं?” त्यांनी त्याची करंगळी धरून वाटीच्या काठावर टेकवली. “वजन इथं. करंगळी पेशंटच्या कातडीवर बसते, हात तिच्यावर बसतो. प्रोब तरंगतो. सरी, ठीक, परत.”

त्या दिवशी अनिकेतने तीन वाट्यांचं ताक केलं. ते खारट झालं होतं. मॅडमनी पूर्ण ग्लास संपवला.

हा सगळा आटापिटा कशासाठी, हे कळायला मला काही आठवडे लागले. संधिवातात सांध्याचं अस्तर सुजतं आणि त्यात रक्त जास्त खेळतं. यंत्राच्या पडद्यावर ते रक्त लाल ठिणग्यांसारखं लुकलुकतं. प्रोब जरा दाबला की त्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, ठिणग्या विझतात आणि आजारी सांधा निरोगी दिसतो. पडदा खोटं बोलत नाही. हाताने जे लपवलं ते त्याला दिसत नाही, एवढंच. हात हलका आहे याची खूण पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असते. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये जेलचा थर उरला असेल तर तिथे एक काळी पट्टी दिसते. पट्टी आहे तोवर चित्रावर विश्वास ठेवायचा. पट्टी गेली की चित्र गेलं.

मॅडमच्या खोलीत त्यासाठी एक शब्द होता: ‘मेल्लगे’. कन्नडमध्ये हळू, अलगद. पट्टी गेलेली ज्याला दिसेल त्याने हा शब्द म्हणायचा. डॉक्टर, नर्स, रुग्ण, मी, कोणीही. पुढे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ जोडायचं नाही. कोण म्हणालं ते विचारायचं नाही. शब्द कानावर आला की हात उचलायचा, मग बोलायचं. नव्या डॉक्टरांना हे अवघड जाई. ज्येष्ठांना हळू म्हणायचं वळण त्यांना कुठल्याच महाविद्यालयात लागलेलं नसे.

उलटी चूकही होई. दीपा ही हुबळीची विद्यार्थिनी, यंत्राची बटणं सगळ्यात लवकर शिकलेली. एका बाईच्या बोटांच्या सांध्यात तिला लालच लाल दिसलं. तिने औषध वाढवायला हवं असं सांगितलं. मॅडमनी बाईंचा हात बाजूला केला, बटणांना हात न लावता दीपाला माझ्या मनगटावर प्रोब ठेवायला लावला. पडदा तसाच लालभडक.

“अय्यो, अण्णांनाही संधिवात झाला,” मॅडम म्हणाल्या. “आता प्रोब भिंतीला लाव. बघू, भिंतीला आहे का.”

दीपाने यंत्राची संवेदनशीलता फार वाढवून ठेवली होती, त्यामुळे गोंगाटही रक्तासारखा दिसत होता. सगळे हसले, रुग्ण बाईही. मग मॅडमनी हसू थांबवलं. “या चुकीत औषध फुकट जातं. दाबण्याच्या चुकीत सांधा जातो. हसायचं असेल तर पहिल्या चुकीवर हसा.”

त्यांच्या इतर सवयी बारीक होत्या आणि बदलत नसत. जेलची बाटली गरम पाण्याच्या डब्यात उभी असे, कारण गार जेल लागलं की माणूस अंग चोरतो. यंत्र सुरू करण्याआधी डॉक्टरने रुग्णाचा हात हातात घ्यायचा, प्रत्येक सांधा बोटाने चाचपायचा आणि काय सापडेल असं वाटतं ते मोठ्याने सांगायचं. त्याच्याही आधी रुग्णाला विचारायचं: कुठं दुखतं? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मध्ये कोणी यंत्राकडे पाहिलं तर त्या पडद्यावर टॉवेल टाकत. बोट एक सांगतंय आणि पडदा दुसरंच, असं झालं तर? “दोघांना परत विचारा,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

त्यांना स्वतःला मात्र कुठं दुखतं असं विचारलेलं चालत नसे. इस्पितळातून जयनगरला आम्ही पुष्कळदा एकाच रिक्षाने येत असू. एका गुरुवारी त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. त्यांनी ते दातांनी उघडलं. घराच्या खालच्या दारात किल्ली फिरवताना त्यांनी डावा हात लावला. मी विचारलं.

“काही नाही. स्वल्प,” त्या म्हणाल्या. स्वल्प म्हणजे थोडंसं. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या. “अंगठ्याचं बूड घासलंय, उजवं. वयाचं आहे. त्यानं कोणी मरत नाही.”

पण प्रोब धरायचा अंगठा तोच होता. पुढच्या गुरुवारी त्यांनी वर्गात नियमात एक भर घातली. सगळे आले, दार लागलं आणि त्या म्हणाल्या, “माझ्या हाताखाली पट्टी जाईल त्या दिवशी मला सांगायचं. थांबायला मी उशीर करणार नाही. पण माझं मला कळेल असं धरून चालू नका. ज्याला दिसलं आणि बोलला नाही, त्याला मी पास करणार नाही.” अनिकेतचं एव्हाना शेवटचं वर्ष होतं. त्याने मान हलवली. सगळ्यांनीच हलवली.

तेव्हापासून मॅडम स्वतः तपासायला बसल्या की खोलीचा नूर बदलत असे. विद्यार्थ्यांची नजर सांध्यावर राहत नसे, पडद्याच्या वरच्या कडेला जाई. मॅडमना ते कळत होतं. त्या पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागल्या आणि पूर्वीपेक्षा कमी तपासू लागल्या. हात मात्र अजून हलकाच होता. आठवडे गेले आणि कोणाला तो शब्द उच्चारावा लागला नाही. अनिकेत एकदा कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, “काका, दही जमते मला, मॅडमला टोकणं नाही जमत. माझ्याच्याने तिथे तोंड उघडणार नाही.”

मग शोभाचा दिवस आला.

शोभा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात तयार सुटे भाग तपासून खोक्यात भरत असे. संधिवात आटोक्यात ठेवण्यासाठी ती आठवड्यातून एकदा एक गोळी घेत होती. तिला मूल हवं होतं आणि त्या गोळीवर असताना गरोदर राहायचं नसतं. मॅडमनी तिला कबूल केलं होतं: सांधे शांत दिसले तर गोळी थांबवू. त्या दुपारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, आणि केसात मोगरा माळून. तपासणीला कोणी फुलं माळून येत नाही. ती उत्तर ठरवूनच आली होती.

अनिकेतने विचारलं, कुठं दुखतं?

“कुठंच नाही,” शोभा लगेच कन्नडमध्ये म्हणाली.

त्याने तिचे सांधे एकेक करून चाचपले. डाव्या मनगटापाशी त्याचं बोट थांबलं. नियमाप्रमाणे त्याने मोठ्याने सांगितलं, “डाव्या मनगटावर मऊ लागतंय. आत सूज असेल असं वाटतं.”

शोभाने हात किंचित ओढून घेतला. “काम करते ना मी. हात आहे, सुजतो.”

निर्णय मोठा होता म्हणून प्रोब मॅडमनी घेतला. माझं मनगट शेजारच्याच उशीवर होतं, त्यांचा हात मला दोन वितींवर दिसत होता. त्यांनी प्रोब अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरला नाही. मुठीत धरला. चिमटीला अंगठ्याचं बूड लागतं. मूठ वळली की करंगळी आत जाते, आणि ती गेली. शोभाच्या कातडीवर आता टेकायला काही नव्हतं. खांद्यापासूनचा सगळा हात प्रोबवर उभा होता.

पडद्याच्या वरची काळी पट्टी पातळ झाली आणि गेली. मनगटाचं राखाडी चित्र स्वच्छ होतं. एकही ठिणगी नव्हती.

“शांत आहे,” मॅडम शोभाला म्हणाल्या.

शोभाने मोकळ्या हाताने पर्समधून फोन काढला. नवऱ्याचा नंबर शोधताना ती हसत होती. दीपा जमिनीकडे पाहत होती. इतर दोघं विद्यार्थी एकमेकांकडे पाहत होते.

“मॅडम, मी एकदा बघू?” अनिकेत म्हणाला.

“का?”

“बोटाला लागलं होतं म्हणून.”

“बोट राहू दे. पडद्यावर आहे का काही?”

दोघांना परत विचारा, या त्यांच्याच वाक्याची त्या खोलीत कोणी आठवण करून दिली नाही. शोभाने फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

“मेल्लगे,” अनिकेत म्हणाला.

मॅडमचा हात उचलला गेला नाही. “कोण म्हणालं?” त्यांनी विचारलं. त्या खोलीत हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. उत्तर त्यांना माहीत होतं. आवाज त्यांच्या कानापाशीच होता.



“मी,” अनिकेत म्हणाला. “पट्टी गेली आहे.” आणि पुन्हा, जरा मोठ्याने, “मेल्लगे.”

मॅडमनी पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. तिथे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग मुठीतून करंगळी सोडवून त्यांनी ती शोभाच्या मनगटाशेजारी टेकवली. ते करताना त्यांचा ओठ दाताखाली गेला. प्रोब वर आला, जेल आत सरकलं, काळी पट्टी परत आली. तिच्याखाली, हाडांच्या मधल्या जागेत, एक लाल ठिणगी लुकलुकली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग सगळं अस्तर नाडीच्या तालावर पेटू-विझू लागलं.

शोभा आधीही इथे येऊन गेली होती. लाल म्हणजे काय ते तिला माहीत होतं. फोनमधून नवऱ्याचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. तिने तो बंद केला.

“आत्ताच शांत म्हणालात ना?”

“म्हणाले,” मॅडम म्हणाल्या. “माझा हात जड पडला होता. दाबलं म्हणून दिसलं नाही. चूक माझी आहे.”

“मग परत दाबा की,” शोभा म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं होतं, पण शेवटी आवाज फुटला.

मॅडमनी प्रोब बाजूला ठेवला, कापडाने तिच्या मनगटावरचं जेल पुसलं आणि हात सोडला नाही. आज गोळी थांबवली असती तर हे मनगट वर्षभरात वाकायचं थांबलं असतं, असं त्यांनी सांगितलं. बाळाला चालतील अशी दुसरी औषधं आहेत, ती सुरू करू, ती लागू पडली की ही गोळी काढू.

“किती दिवस?”

“सांगता येत नाही. मघाशी एक चुकीचं सांगितलं, आता दुसरं सांगणार नाही.”

शोभाने दुसरा हात पुढे केला. मॅडमनी प्रोब उचलला, वायर गोळा केली आणि दोन्ही अनिकेतच्या हातात दिलं. “उजवं मनगट तू बघ.” त्या मागच्या स्टुलावर जाऊन बसल्या. त्या दुपारी नंतर आलेल्या एकाही रुग्णाला त्यांनी हात लावला नाही. पडद्याकडे मात्र त्या पाहत होत्या, आणि दोनदा त्यांनी ‘मेल्लगे’ म्हटलं.

रिक्षाने आम्ही घरी आलो. जिन्यात त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. मी दार उघडलं.

“पास झाला तो,” त्या म्हणाल्या. “नागपूरच्याला सांगू नका. डोक्यात हवा जाईल.”

पुढचे काही गुरुवार वर्ग झाला नाही. मॅडम राजीनामा देणार अशी चर्चा होती. दीपाचं म्हणणं होतं की ज्या माणसाने स्वतः नियम केला त्याला तो असा लावायला नको होता. अनिकेत कोणाशी बोलत नसे. मग एका सकाळी वरच्या मजल्यावरून हाक आली, “अण्णा, आज मनगट आणा.”

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. जेलची बाटली गरम पाण्यात होती. ती अनिकेतने ठेवली होती. नव्याने आलेल्या एका मुलीसमोर दह्याची वाटी होती. मी माझ्या खुर्चीत बसलो. शेजारच्या, रुग्णाच्या खुर्चीत मॅडम येऊन बसल्या आणि त्यांनी उजवा हात उशीवर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी हाड चौकोनी होऊन वर आलं होतं. इतके महिने शेजारून जाताना ते मला दिसलं नव्हतं. त्या हात पदराखाली ठेवत.

“एक सांधा चांगला, एक घासलेला,” त्या मुलांना म्हणाल्या. “शेजारी शेजारी असे मिळत नाहीत. शिकून घ्या.”

अनिकेतने प्रोब उचलला.

“ठेव तो,” त्या म्हणाल्या. “आधी काय करायचं असतं?”

त्याने प्रोब ठेवला. दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

“मॅडम, कुठं दुखतं?”

“पेशंट आहे मी. मॅडम काय?”

“सरोजाक्का,” तो म्हणाला, “कुठं दुखतं?”

मॅडमनी तोंड उघडलं. ‘स्वल्प’ हा शब्द येणार हे मला माहीत होतं. तो आला नाही. अनिकेत गप्प बसला. उत्तर येईपर्यंत बसायचं असतं तसा बसला. नवी मुलगी पडद्याकडे पाहू लागली तशी दीपाने पडद्यावर टॉवेल टाकला.

“इथं,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी ब्लाउजचं बटण लागत नाही. कॉफीचा लोटा दोन्ही हातांनी धरते. पोळ्या लाटणं मी कधीच सोडलं. झोपेत हात अंगाखाली गेला तर ओरडते.” त्या थांबल्या. “खूप दुखतं रे.”

अनिकेतने अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं, काय सापडेल ते मोठ्याने सांगितलं. मग डब्यातून बाटली काढून जेलचा मोठा गोळा ठेवला, करंगळी त्यांच्या कातडीवर टेकवली आणि प्रोब खाली आणला. दीपाने टॉवेल काढला. सगळ्यांच्या नजरा पडद्याच्या वरच्या कडेला गेल्या.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या त्याची करंगळी बघत होत्या.